जन्मलेला की घडवलेला?

क्लोनिंगला ख्रिस्ती धर्माचा विरोध आहे आणि तो 'माणसाने देवाच्या कामात हात घालू नये' एवढ्याच कारणासाठी आहे, ही समजूत आपल्या सुशिक्षित मंडळींत इतकी घट्ट बसली आहे की तिची शहानिशा करावी असे सहसा कोणाला वाटत नाही. व्याख्यानात हा विषय निघाला की वक्ता प्रथम गॅलिलिओची आठवण काढतो, मग पोपचे नाव घेतो आणि शेवटी, आपल्या परंपरेत असली अडचण कधी नव्हतीच, गांधारीच्या शंभर पुत्रांची कथा पाहा, असे म्हणून टाळ्या घेतो. गांधारीच्या कथेकडे पुढे येऊच. आधी एवढे सांगायला हवे की ख्रिस्ती विचारवंतांनी या प्रश्नावर जे जबाबदार लेखन केले आहे, त्यात देवाच्या अधिकाराची काळजी थोडी आणि मुलाची काळजी अधिक आहे. जे मूल अशा रीतीने जगात येईल, त्याच्याकडे त्याला आणणारी माणसे कोणत्या नजरेने पाहतील, हा त्या लेखनाचा खरा प्रश्न आहे. हा प्रश्न मांडणारे एक पुस्तक आणि त्याच प्रश्नाला अगदी वेगळ्या वाटेने भिडणारी एक कादंबरी, यांचा परामर्श येथे घेण्याचे योजिले आहे.

पुस्तकाचे नाव 'बिगॉटन ऑर मेड?' असे आहे. प्रस्तुत लेखाचे शीर्षक हे त्याचेच मराठी रूप. लेखक ऑलिव्हर ओ'डोनोव्हन हे अँग्लिकन पंथाचे धर्मगुरू. १९८२ पासून २००६ पर्यंत ते ऑक्सफर्ड विद्यापीठात ख्रिस्ती नीतिविचाराचे प्राध्यापक होते. १९८३ साली लंडनमध्ये त्यांनी दिलेली पाच व्याख्याने १९८४ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. शंभर पानेही न भरणारे हे पुस्तक आहे. त्या वेळी डॉली मेंढीच्या जन्माला बारा वर्षांचा अवकाश होता. त्यांच्यापुढचा प्रश्न होता तो परीक्षानळीतील गर्भधारणेचा. लुईस ब्राउन ही अशी पहिली मुलगी जुलै १९७८ मध्ये इंग्लंडात जन्मली होती आणि ब्रिटिश सरकारने नेमलेली वॉर्नॉक समिती या विषयावर विचार करीत होती. क्लोनिंग हा पुस्तकाचा मुख्य विषय नव्हे, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. परंतु पुस्तकात जो भेद मांडला आहे तो परीक्षानळीपेक्षा क्लोनिंगलाच अधिक नेमका लागू पडतो. २०२२ मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली, यावरून त्याची गरज अजून संपलेली नाही असे दिसते.

शीर्षकातील दोन शब्द आले आहेत निकीयाच्या मतांगीकारातून. इ.स. ३२५ मध्ये, आजच्या तुर्कस्तानातील इझनिक या गावी, ख्रिस्ती धर्माध्यक्षांची परिषद भरली होती. २०२५ मध्ये त्या घटनेला १७०० वर्षे पूर्ण झाली. वाद होता एरियस नावाच्या धर्मोपदेशकाच्या मताविषयी. त्याचे म्हणणे असे की, ख्रिस्त हा ईश्वराने केलेली सर्वांत पहिली आणि सर्वांत श्रेष्ठ निर्मिती होय. श्रेष्ठ खरी, पण निर्मितीच. परिषदेने हे मत नाकारले आणि पुत्र हा पित्यापासून जन्मलेला आहे, घडवलेला नाही, असे शब्द मतांगीकारात घातले. आपल्याला हा वाद शब्दच्छल वाटण्याचा संभव आहे. पण त्याचा आशय व्यवहारातल्या उदाहरणाने कळतो. सुताराचा मुलगा हा सुतारासारखाच माणूस असतो. सुताराने केलेला पाट सुतारासारखा नसतो. पाट कसा हवा हे सुतार आधी ठरवतो, मनासारखा उतरला नाही तर मोडतो. मुलाच्या बाबतीत बापाला हा अधिकार नसतो, कारण मूल त्याच्या योजनेतून आलेले नसते, त्याच्या अस्तित्वातून आलेले असते.

ओ'डोनोव्हन हा भेद स्वर्गातून सूतिकागृहात आणतात. जो जन्मतो तो जन्म देणाऱ्याच्या बरोबरीचा. जे घडते ते घडवणाऱ्याच्या हाताखालचे. त्यांचा रोख यंत्रांवर नाही, ही त्यांच्या विवेचनातली मोलाची गोष्ट. तंत्रज्ञानाचे युग यंत्रांमुळे ओळखले जात नाही, तर माणूस आपल्या प्रत्येक कृतीकडे 'उत्पादन' म्हणून पाहू लागतो तेव्हा ते युग आले असे समजावे, असा त्यांचा अभिप्राय आहे. अशा समाजात मुलेही हळूहळू उत्पादनांच्या यादीत जातात, कोणी दुष्ट नसतानाही जातात. कारण सगळे काही आपल्या इच्छेच्या परिणामी घडावे ही सवय घरात शिरलेली असते.

मध्य प्रदेश शासनाच्या पशुपालन खात्यात माझी उभी नोकरी गेली, त्यामुळे हा युक्तिवाद मला वाचता क्षणी कळला. कृत्रिम रेतनाच्या कामात वळू निवडला जातो तो वंशावळीच्या वहीवरून. त्याच्या गोठवलेल्या रेतमात्रा गावोगावी जातात. जन्मलेले वासरू वळूच्या क्रमांकाने नोंदले जाते. आणि अपेक्षेइतके दूध न देणारे जनावर कळपातून कमी होते. यात मला कधी गैर वाटले नाही, आजही वाटत नाही. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत २००९ च्या फेब्रुवारीत क्लोन केलेले म्हशीचे पारडू जन्मले, ते थोड्याच दिवसांत गेले, आणि जूनमध्ये दुसरे जन्मले त्याचे नाव गरिमा ठेवले गेले, तेव्हा आम्हा खात्यातल्या लोकांना अभिमानच वाटला. पण ज्याने अशी वही लिहिली आहे त्याला 'घडवणे' या क्रियापदाचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. तीच वही माणसाच्या मुलासाठी उघडली तर तिचे रकाने कोणते असतील, हेही त्याला पुरते ठाऊक असते.

डॉलीची हकीकत वाचकांना सामान्यतः माहीत आहे. एडिंबरोजवळच्या रोझलिन संस्थेत ५ जुलै १९९६ रोजी ती जन्मली. सहा वर्षांच्या मेंढीच्या स्तनातील पेशीचे केंद्रक दुसऱ्या मेंढीच्या केंद्रक काढलेल्या बीजांडात घालून ती तयार झाली. असे २७७ प्रयत्न झाले, त्यांतून २९ भ्रूण १३ मेंढ्यांच्या गर्भाशयांत ठेवण्यात आले आणि जिवंत कोकरू झाले ते एकच. फेब्रुवारी १९९७ मध्ये बातमी जगापुढे आली. जी गोष्ट फारशी कोणाला माहीत नाही ती अशी, की स्कॉटलंडच्या चर्चने 'समाज, धर्म आणि तंत्रज्ञान' या नावाचा एक उपक्रम १९७० पासूनच चालवला होता. त्याचे संचालक डोनाल्ड ब्रूस हे स्वतः रसायनशास्त्रज्ञ. प्राणी व वनस्पतींच्या जनुकीय बदलांचा विचार करण्यासाठी चर्चने जो अभ्यासगट नेमला होता, त्याच्या सदस्यांत डॉलीच्या प्रयोगाचे प्रमुख इयन विल्मट हेही होते. म्हणजे शास्त्रज्ञ आणि धर्मोपदेशक एकाच मेजाभोवती बसून बोलत होते आणि तेही डॉलीच्या आधीपासून. गॅलिलिओची आठवण काढणाऱ्या वक्त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

या संवादाचा परिणाम मे १९९७ मध्ये चर्चच्या सर्वसाधारण सभेने केलेल्या ठरावात दिसतो. मेंढीच्या दुधातून औषधी प्रथिने मिळवण्याच्या कल्पनेचे ठरावाने स्वागत केले. मांस आणि दूध यांच्या उत्पादनासाठी प्राण्यांचे क्लोनिंग हा नित्याचा परिपाठ होण्यास विरोध केला. प्रत्येक माणूस ईश्वरासमोर अनन्य आहे असे सांगून मानवी क्लोनिंगवर आंतरराष्ट्रीय बंदी आणण्यासाठी सरकारने प्रयत्न करावेत, अशी मागणी केली. हो, नाही आणि कदापि नाही, अशी तीन निरनिराळी उत्तरे एका ठरावात आहेत. शासकीय ठराव वाचण्यात आणि लिहिण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याला अशा नेमकेपणाचे मोल कळते. मला मात्र यातले दुसरे उत्तर, जनावरांसंबंधीचे, अधिक विलक्षण वाटते. मेंढी घडवायला हरकत नाही, पण तिला केवळ घडवलेली वस्तू समजू नका, असे ते उत्तर आहे. आमच्या वहीत हा रकाना नव्हता.

रोमन कॅथलिक चर्चची भूमिका अधिक कडक आहे आणि ती भ्रूणापासून सुरू होते. १९८७ चे 'डोनुम विते' आणि २००८ चे 'दिग्नितास पेर्सोने' या दोन सूचनापत्रांत ती आली आहे. ज्याला गर्भाच्या पहिल्या क्षणापासून माणूस मानायचे, त्याच्या बाबतीत २७७ या आकड्याचा अर्थ फार भयंकर होतो, हे उघड आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासभेत ८ मार्च २००५ रोजी मानवी क्लोनिंगविरोधी जाहीरनामा ८४ विरुद्ध ३४ मतांनी संमत झाला. ३७ देश तटस्थ राहिले. मतभेद होता तो रोगोपचारासाठी भ्रूण तयार करावेत की नाही यावर, क्लोन मूल जन्माला घालण्याच्या बाजूने कोणीच नव्हते. भारताने जाहीरनाम्याच्या विरोधात मत दिले ते याच कारणाने. या वादाची धार नंतर पुष्कळ कमी झाली, कारण २००६ साली जपानचे शिन्या यामानाका यांनी प्रौढ उंदराच्या साध्या पेशींनाच भ्रूणपेशींसारखे रूप देण्याची रीत शोधून काढली. असो.

ख्रिस्ती जगात या प्रश्नावर एकमत होते असे मात्र नाही. खरे म्हणजे डॉलीच्या पाव शतक आधी अमेरिकेत दोन प्रॉटेस्टंट विचारवंतांत या विषयावर जो वाद झाला, त्याच्या पलीकडे नंतरच्या वादात फारसे काही नवे आले नाही. जोसेफ फ्लेचर हे एपिस्कोपल पंथाचे धर्मगुरू. त्यांचे म्हणणे असे की, विचार करून, निवड करून, योजना करून केलेले पुनरुत्पादन हे अपघाताने होणाऱ्या पुनरुत्पादनापेक्षा अधिक मानवी होय, कारण योजना करणे हाच माणसाचा धर्म. १९७४ च्या पुस्तकात त्यांनी क्लोनिंगचा उघड पुरस्कार केला आहे. त्यांच्या विरुद्ध बाजूला प्रिन्स्टनचे मेथडिस्ट प्राध्यापक पॉल रॅम्झी. त्यांचे 'फॅब्रिकेटेड मॅन' १९७० मध्ये आले. अजून जन्मलेल्या नसलेल्या मुलावर त्याच्या संमतीवाचून प्रयोग करण्याचा अधिकार कोणालाच नाही, आणि पहिला यशस्वी क्लोन येण्याआधी जी विकृत अर्भके जन्मतील त्यांचे काय करणार, हे त्यांचे दोन प्रश्न होते. दुसऱ्या प्रश्नाला अजून कोणी उत्तर दिलेले नाही. शांघायमध्ये माकडांची दोन क्लोन पिल्ले जन्मल्याचे २०१८ च्या जानेवारीत जाहीर झाले, तेव्हाही ७९ भ्रूण २१ माद्यांत ठेवून दोन जिवंत पिल्ले मिळाली होती. ओ'डोनोव्हन हे रॅम्झींचे विद्यार्थी. फ्लेचर यांनी पुढे ख्रिस्ती श्रद्धाच सोडली, पण त्यावरून त्यांचा युक्तिवाद खोटा ठरवणे योग्य नव्हे. नियोजन म्हणजे माणुसकी, हा विचार आजच्या वंध्यत्व-उपचारांच्या जाहिरातींत धर्माचा आधार न घेता सुखाने नांदतो आहे.

आता ओ'डोनोव्हन यांच्या मुख्य भेदाविषयी मला जी शंका आहे ती मांडतो. घडवलेला हा घडवणाऱ्यापेक्षा खालचा, हे तत्त्व एकदा मान्य केले, आणि उद्या कोणी खरोखरच मूल घडवले, तर त्या मुलाचा दर्जा काय? तत्त्व सरळ लावले तर ते मूल खालच्या पायरीवर जाते. म्हणजे मुलाचा अवमान होऊ नये म्हणून उभा केलेला युक्तिवाद त्या मुलाच्याच विरुद्ध उभा राहतो. ओ'डोनोव्हन यांना असे म्हणायचे नाही, हे निःसंशय. कॅथलिक चर्चलाही नाही. परीक्षानळीतील गर्भधारणेला विरोध करणारे 'डोनुम विते'च, अशा रीतीने जन्मलेले मूलही ईश्वराची देणगी म्हणून स्वीकारले पाहिजे, असे बजावते. पण तत्त्ववेत्त्याने मनात काय धरले यापेक्षा समाज त्याच्या शब्दांतून काय उचलतो हे अधिक महत्त्वाचे असते. रीत निषिद्ध ठरली की तिच्यातून आलेल्या मुलाला निषिद्ध ठरवायला समाजाला वेळ लागत नाही.

मराठी माणसाला हे वेगळे सांगायला नको. विठ्ठलपंत संन्यास सोडून संसारात परतले. दोष असलाच तर तो त्यांचा. परंपरेने सांगितलेल्या हकिकतीप्रमाणे त्याची शिक्षा भोगली ती निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई यांनी. संन्याशाची पोरे म्हणून आळंदीने त्यांना वाळीत टाकले, शुद्धिपत्रासाठी त्यांना पैठणला जावे लागले. जन्माची रीत चुकली म्हणून मुलांचे माणूसपण तपासायला बसलेल्या विद्वानांचे ते चित्र, जनुकशास्त्राच्या युगातही जुने वाटू नये असे आहे.

याच्या उलट आपल्या धर्मशास्त्रात एक उदार बाजूही आहे. मनुस्मृतीत पुत्रांचे बारा प्रकार सांगितले आहेत. औरस हा पहिला, पण त्याबरोबर दत्तक आहे, विकत घेतलेला क्रीत आहे आणि 'कृत्रिम' नावाचाही एक आहे. कृत्रिम म्हणजे शब्दशः 'केलेला'. गुण पाहून ज्याला पुत्र केले तो. आपल्यापैकी बडोद्याकडच्या वाचकांना दत्तकाचे महत्त्व सांगणे म्हणजे धारिष्ट्यच होईल. कवळाण्याच्या एका मुलाला १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतले नसते तर सयाजीराव गायकवाड झाले नसते. आणि पार्वतीने अंगाच्या मळाची मूर्ती केली तिला पुत्र मानले, ही कथा तर घराघरांत आहे. त्या कथेत बाप आपल्या 'घडवलेल्या' मुलाला ओळखत नाही आणि त्याचा शिरच्छेद करतो, हा भाग मात्र आपण उत्सवाच्या गडबडीत विसरतो. गांधारीच्या कथेचे म्हणाल तर एका मांसपिंडाचे १०१ भाग करून ते तुपाच्या कुंभांत ठेवणे हे फार तर जुळ्यांच्या जन्माशी जुळेल. क्लोनिंगशी तिचा संबंध नाही. रक्तबीजाची उपमा त्याहून जवळची. पण उपमा सापडली म्हणजे नीतीचा प्रश्न सुटला असे होत नाही.

गंमत अशी की ओ'डोनोव्हन यांच्या धर्मातही या शंकेचे उत्तर आहे, आणि पुस्तकात ते हवे तितके पुढे येत नाही. मतांगीकारानुसार जन्मलेला पुत्र एकच. बाकीचे सारे जग, माणसासकट, ईश्वराने घडवलेले आहे. आणि या घडवलेल्यांनाच ईश्वर दत्तक घेतो, असे संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात सांगितले आहे. येशूचे पालन करणारा योसेफ हाही जन्मदाता पिता नव्हेच. म्हणजे घडवलेल्यालाही लेकराचे स्थान मिळते, पण ते घडवण्याने मिळत नाही, स्वीकाराने मिळते. हा धागा पकडला असता तर भेदाची धार बोथट झाली असती हे खरे, पण ती चुकीच्या माणसाला लागली नसती.

पुस्तकाचे चौथे व्याख्यान मला म्हणूनच शीर्षकापेक्षा श्रेष्ठ वाटते. व्यक्ती कोणाला म्हणावे, हा त्याचा विषय. बुद्धी, जाणीव, भाषा अशी लक्षणे मोजून कोणी व्यक्ती ठरत नाही; समोरच्याला आपण आधी आपला मानतो, त्याच्याशी बांधील होतो, आणि मग त्याचे व्यक्तित्व आपल्याला दिसू लागते, असे तेथे प्रतिपादन आहे. पुरावा आधी मागितला की ओळख होतच नाही.

हेच सूत्र कथेत पाहायचे असेल तर काझुओ इशिगुरो यांची 'नेव्हर लेट मी गो' ही कादंबरी वाचावी. नागासाकीत जन्मलेले आणि बालपणापासून इंग्लंडात वाढलेले इशिगुरो यांना २०१७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ही कादंबरी २००५ सालची. अवयव काढून घेण्यासाठी वाढवलेल्या क्लोन मुलांची ही कथा त्यांच्यातलीच एक, कॅथी, सांगते. तिचे वय आहे एकतीस. चर्च या संस्थेला कादंबरीत जवळजवळ स्थान नाही. एका जुन्या चर्चच्या आवारातील थडग्यांजवळचा बाक तेवढा येतो. कोणी धर्मगुरू या मुलांच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलत नाही. तरी आत्म्याचा प्रश्न कथेच्या मध्यभागी आहे. हेलशॅम या निवासी शाळेत मुलांकडून चित्रे आणि कविता करून घेतात, त्यांतली उत्तम ती एक बाई घेऊन जाते. मुलांना वाटते, दोघांचे खरे प्रेम असेल तर या चित्रांवरून ते सिद्ध होईल आणि अवयवदान काही वर्षे पुढे ढकलले जाईल. मोठेपणी कॅथी आणि टॉमी त्या बाईचे घर शोधून काढतात, तेव्हा कळते की तशी सवलत कधी नव्हतीच. चित्रे नेली जात होती ती या मुलांना आत्मा आहे की नाही, हे बाहेरच्या जगाला दाखवण्यासाठी.

शाळेची प्रमुख मिस एमिली ही वाईट बाई नाही. मुलांचे बालपण सुखाचे व्हावे म्हणून ती लढली आहे. पण तिने पुरावा गोळा करायचे मान्य केले, आणि तेथेच ती हरली. पैठणच्या सभेत रेड्यापुढे उभ्या केलेल्या पोराची आठवण येथे झाल्याशिवाय राहत नाही. फरक इतकाच, की तेथे चमत्कार मानला गेला. येथे चित्रे पाहूनही कोणी काही मानले नाही, कारण मानले असते तर अवयव मिळाले नसते.

कादंबरीवर एक आक्षेप वारंवार घेतला जातो की ही मुले पळून का जात नाहीत, कुंपण नाही, पहारा नाही, मोटार चालवता येते, तरी ठरल्या दिवशी इस्पितळात जातात, हे पटत नाही. मला ते फार पटले. इशिगुरो यांनी या जगाला जे शब्द दिले आहेत ते पाहा. अवयव काढून घेण्याला 'दान' म्हणतात. दान करणाऱ्यांची सेवा करणाऱ्या क्लोनला शुश्रूषक म्हणतात. आणि मरण्याला 'पूर्ण होणे' म्हणतात. कार्यालयीन टिपण्यांची ही भाषा मी ओळखतो. त्या भाषेत कोणी कोणाला मारत नाही, फक्त प्रकरण निकाली निघते. लहानपणापासून ज्याच्या कानावर आपल्याविषयी हेच शब्द पडले, त्याला कुंपण कशाला लागते? घडवलेला हा घडवणाऱ्याच्या मर्जीवर असतो, हे ओ'डोनोव्हन यांनी सांगितले. घडवलेला स्वतःच ते मान्य करून बसतो, हे कादंबरीने दाखवले. तर्कशास्त्राला जेथे पोहोचता येत नाही तेथे कथा पोहोचली, असे मी समजतो.

पुस्तक आणि कादंबरी, दोन्हींत एक उणीव मात्र सारखी आहे. तिच्याकडे समीक्षकांनी लक्ष द्यायला हवे. इंग्रजीतले 'बिगेट' हे क्रियापद मुख्यतः बापाचे आहे. मतांगीकारातही नाते पिता-पुत्राचे. मराठीत आपण 'जन्मलेला' म्हणतो तेव्हा आई आपोआप मनात येते. त्या इंग्रजी शब्दात ती येत नाही. आणि क्लोनिंग तर बापाशिवाय होते. डॉलीला पिता नव्हता. केंद्रक एकीचे, बीजांड दुसरीचे, गर्भाशय तिसरीचे, अशा तीन माद्या होत्या. बीजे नुसती मिळत नाहीत, ती कोणाच्या तरी शरीरातून काढावी लागतात. दक्षिण कोरियाच्या ह्वांग वू-सुक यांचे मानवी भ्रूणांच्या क्लोनिंगचे दावे २००५ च्या अखेरीस खोटे ठरले, तेव्हा चौकशीत असे उघड झाले की त्या खोट्या यशासाठी दोन हजारांहून अधिक स्त्रीबीजे वापरली गेली होती आणि ती देणाऱ्यांत त्यांच्याच प्रयोगशाळेतील तरुण स्त्रिया होत्या. व्हॅटिकनच्या जीवनविषयक अकादमीने १९९७ मध्ये क्लोनिंगवर जे चिंतन प्रसिद्ध केले, त्यात स्त्रीला बीजांड आणि गर्भाशय पुरवणारी यंत्रणा करून टाकण्यावर स्पष्ट बोट ठेवले आहे. ओ'डोनोव्हन यांच्या भेदात ही स्त्री दिसत नाही. घडवणारा आणि घडवलेला एवढे दोघेच दिसतात. जिच्या देहातून घडते ती दिसत नाही. गुजरातेत राहणाऱ्या आपल्या वाचकांना आणंदच्या भाड्याच्या मातृत्वाची ख्याती माहीत आहे. पैसे घेऊन होणारा तो व्यवहार २०२१ च्या कायद्याने बंद झाला; परदेशी जोडप्यांना २०१५ मध्ये मनाई होईपर्यंत देशोदेशींची जोडपी तेथे येत. त्या व्यवहारात बाळ घडवले जात होते की जन्मत होते, असे तिथल्या एखाद्या बाईला विचारले असते तर तिने काय उत्तर दिले असते, याचा विचार मी पुस्तक मिटल्यावर बराच वेळ करीत होतो.

डॉली स्वतः, जाता जाता सांगतो, सहा कोकरांची आई झाली आणि तीही नैसर्गिक रीतीने. १४ फेब्रुवारी २००३ रोजी फुप्फुसाच्या आजारामुळे तिला मरण देण्यात आले. तिचा भुसा भरलेला देह एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात काचेआड उभा आहे. कादंबरीतल्या क्लोनना मूल होत नाही. अकरा वर्षांची कॅथी एके दुपारी खोलीत एकटीच ध्वनिफितीवरचे गाणे लावते आणि उशी छातीशी धरून डोलत राहते. मूल होणार नाही असे जिला सांगितले होते अशा बाईला बाळ झाले आहे, असा त्या गाण्याचा अर्थ तिने मनाशी लावलेला असतो. दारात उभी असलेली, चित्रे नेणारी ती बाई हे पाहते आणि रडू लागते. पुष्कळ वर्षांनी त्या प्रसंगाचे बोलणे निघते तेव्हा कळते की बाईला बाळ दिसलेच नव्हते. तिला दिसली होती एक जुने, मायाळू जग घट्ट धरून ठेवू पाहणारी मुलगी.